ध्रुवाचे अढळपद

हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर अमावास्येच्या रात्री, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून, एफ २.८ छिद्र व आयएसओ १६०० ठेवून, तीस-तीस सेकंदांची छायाचित्रे सलग दोन तास घेण्याची तजवीज केली, आणि खाली कड्याची किनार व वर क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवरचा ध्रुव अशी चौकट साधली, तर ती सारी चित्रे एकत्र जुळवल्यावर प्रत्येक तारा ३० अंशांचा कंस रेखाटतो.

ह्या दाखल्यावरून तारेच फिरतात असा निवाडा द्यावा, तर नावेतल्या प्रवाशाला काठ मागे सरताना दिसतो तशीच ही गती भासमान आहे, असे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगून ठेवले आहे. आणि अढळ मानलेला ध्रुवही चित्रात बिंदू न राहता चिमुकला कंस काढतो, कारण खगोलीय ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. तो बिंदूही सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक फेरा पूर्ण करतो.

मग ध्रुवाच्या अढळपदावरची आपली श्रद्धा मिथ्या ठरते काय? माझ्या मते ती शुद्ध होते. दृश्य वस्तू ढळतात, परंतु त्यांच्या ढळण्यालाही जो नियम बांधून ठेवतो तोच उपासनेस पात्र आहे, आणि त्याच्या ठायी निष्ठा ठेवणाऱ्यास कोणत्याही ताऱ्याच्या चलनाचे भय उरत नाही.