ओसरीवरचे न्यायाधीश



बाप्टिस्ट उपदेशकाची कन्या झोरा नील हर्स्टन हिच्या १९३७ सालच्या इंग्रजी कादंबरीत फ्लोरिडातील जेनी नावाची कृष्णवर्णीय स्त्री आहे. गुलामगिरी भोगलेल्या आजीने साठ एकर जमीन पाहून तिचे लग्न लावले. प्रीती मिळाली नाही. दुसरा नवरा नगराध्यक्ष झाला. त्याने तिला केस फडक्याखाली झाकायला लावले, चारचौघांत बोलू दिले नाही. तरी तिने आतली आशा विझू दिली नाही. तिसऱ्याने प्रीती दिली, पण हातही उगारला. शेवटी पिसाळलेला कुत्रा चावून तो भ्रमिष्ट झाला. जीव वाचविताना तिलाच गोळी झाडावी लागली.

ती गावी परतली तेव्हा ओसरीवरचे लोक कुजबुजले. मैत्रीण फीबी मात्र जेवण घेऊन गेली आणि ऐकत बसली.

आम्ही कोठे बसतो? मोडलेल्या संसारातून आलेल्या भगिनीचे आम्ही दोष मोजतो. शोमरोनी स्त्रीचे पाच नवरे प्रभूला ठाऊक होते (योहान ४). तरी त्याने तिच्याजवळ पाणी मागितले व तिला जिवंत पाणी देऊ केले.

चला, या आठवड्यात ओसरी सोडू. अशा एका भगिनीच्या दारी ताट घेऊन जाऊ, आणि आधी ऐकू.