आमिष आणि आमंत्रण

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सुट्टीवर घरी आला होता. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाला लागून असलेल्या मेन राज्यात एका रुग्णालयात तो परिचारक आहे. एका संध्याकाळी तो आमच्या व्हरांड्यात येऊन बसला आणि मोबाइलवरील छायाचित्रे दाखवू लागला. बर्फाची आणि सोबत्यांची चित्रे सरली आणि मध्येच एक निराळे चित्र आले. गर्द झाडी, बुंध्याला साखळीने जखडलेले एक पिंप, आणि पिंपाला पाडलेल्या भोकात पंजा घालून बसलेले एक काळे अस्वल. "फादर, हे पिंप मी वाहून नेलं. आतला खाऊही मीच भरला. यात पाप आहे का, तेवढं सांगा," तो म्हणाला.

वसईच्या पोराला मेनच्या अस्वलाची चिंता का पडावी, असे वाचकांस वाटेल. आम्हीही प्रथम हसलोच. परंतु त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता, आणि उत्तर काही आम्हांस त्या संध्याकाळी देता आले नाही.

त्याचा शेजारी सत्तरी उलटलेला, फ्रेंच वंशाचा कॅथलिक गृहस्थ आहे. मेनमध्ये असे फ्रेंच वंशाचे कॅथलिक पुष्कळ. पहिल्या हिवाळ्यात आमचा हा पोरगा तापाने फणफणला असता याच म्हाताऱ्याने आठवडाभर त्याच्या दाराशी गरम सूप आणून ठेवले होते. वर्षाकाठी एक अस्वल मारावे, त्याचे मांस हिवाळाभर पुरवावे, त्यातले थोडे शेजारपाजारच्या विधवांना द्यावे, असा त्याचा जुना परिपाठ. आता गुडघे साथ देत नाहीत. जुनी जागा रानात फार आत पडते, म्हणून रस्त्याच्या जवळ नवी जागा सुरू करायची होती, आणि ओझे वाहायला तरणे खांदे हवे होते.

नवी जागा सुरू करणे ही एक विद्याच आहे. अस्वल उघड्यावर येत नाही. म्हणून पाणथळीजवळची दाट झुडपे पाहायची. वारा आमिषाकडून मचाणाकडे वाहील अशी मचाणाची दिशा धरायची, म्हणजे माणसाचा वास अस्वलाला लागत नाही. सुमारे दोनशे लिटरचे पिंप झाडाला बांधायचे. त्यात शिळे पाव, शिळे डोनट, मक्याच्या लाह्या, वर काकवी ओतायची. बडीशेपेसारख्या वासाचा अर्क उंच फांदीवर शिंपडायचा. पण खरी युक्ती पुढेच आहे. हॉटेलात वापरून झालेले तळणीचे तेल पिंपाभोवती जमिनीवर ओततात. अस्वलाचे तळपाय त्यात भिजतात, आणि ते जिथे जिथे जाईल तिथे वासाची वाट उमटत जाते. त्या वाटेने दुसरे अस्वल उलट माग काढीत पिंपापाशी येते. म्हणजे पहिला पाहुणाच रानभर आमंत्रणे वाटीत फिरतो!

मेनच्या कायद्याप्रमाणे शिकारीचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस उघडतो, आणि त्याआधी तीस दिवस असे खाऊ घालण्यास मुभा असते. जागेवर आपल्या नावापत्त्याची पाटी लावावी लागते. माणूस रोज त्याच वेळी जातो, बादली पिंपावर आपटतो, ओततो आणि परत फिरतो. अस्वल आधी रात्रीच येते. पुढे धीट होते, मग दिवसाउजेडी येऊ लागते. पिंपाचे भोक मुद्दाम लहान ठेवलेले असते, म्हणजे खायला वेळ लागावा. एकतिसाव्या दिवशीही बादलीचा आवाज होतो, खाऊ पडतो. माणूस मात्र त्या दिवशी परत फिरत नाही.

काळही असा निवडलेला, की त्या दिवसांत अस्वलाची भूक अनावर असते. थंडीच्या लांब झोपेपूर्वी अंगावर चरबी चढवण्यासाठी ते दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत अन्न खाऊ शकते. बीच वृक्षाची फळे आणि रानबोरे मुबलक आली तर ते पिंपाकडे ढुंकूनही पाहत नाही. रानात दुष्काळ पडला की पिंप लवकर रिकामे होते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती लेचीपेची नाही. तिकडच्या दाट रानात चार पावलांपलीकडचे दिसत नाही. धावत्या सावलीवर झाडलेल्या गोळीने जनावर जायबंदी होऊन दूर जाऊन तडफडत मरते. आमिषापाशी ते शांत उभे असते; मादीबरोबर पिल्ले आहेत की काय, हे निरखून बंदूक खाली ठेवता येते. मेनमध्ये मारली जाणारी बहुतेक अस्वले आमिषावरच मारली जातात, आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यास ही रीत हवी, असे तेथील वन्यजीव खात्याने सांगितले आहे. 2004 साली आणि पुन्हा 2014 साली तेथील मतदारांना विचारण्यात आले. दोन्ही वेळा बहुमताने बंदी नाकारली. कोलोराडोने 1992 साली, ऑरेगनने 1994 साली आणि वॉशिंग्टन राज्याने 1996 साली मतदानानेच ती रीत बंद केली होती. अलास्कातील राष्ट्रीय राखीव प्रदेशांत तर 2015 साली बंदी, 2020 साली मोकळीक आणि 2024 साली पुन्हा बंदी, असा नियमांचा झोपाळाच झाला. न्यू हॅम्पशायर राज्यात 2014 साली एका आमिषापाशी चार अस्वले मरून पडलेली सापडली. कुणीही गोळी झाडली नव्हती. त्यांनी चॉकलेट खाल्ले होते, आणि चॉकलेट अस्वलाला विष आहे. पुढे त्या राज्याने चॉकलेट घालण्यास मनाई केली.

या संदर्भात एक गोष्ट आठवते. 1902 सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले असता वाटाड्याने एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले आणि अध्यक्षांना गोळी झाडण्यास सांगितले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे शिकाऱ्याला शोभत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. वृत्तपत्रात व्यंगचित्र आले, त्यावरून खेळण्यातले 'टेडी' अस्वल निघाले आणि ते आता आपल्याही नातवंडांच्या उशाशी असते. त्या जखमी अस्वलाला नंतर अध्यक्षांच्याच सांगण्यावरून सुरीने मारले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. नकार लोकांच्या ध्यानात राहिला, सुरी विस्मरणात गेली.

आता पापाचा प्रश्न. अन्नासाठी प्राणी मारणे ख्रिस्तसभेने पाप मानलेले नाही. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात एवढेच बजावले आहे, की प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. म्हातारा मांस खातो, वाटतो. विनाकारण म्हणता येत नाही. मग लपून बसणे? सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन शिकलो होतो : युद्धात दबा धरणे न्याय्य असू शकते, कारण आपला हेतू शत्रूपासून झाकून ठेवणे निराळे, आणि खोटे बोलणे वा दिलेले वचन मोडणे निराळे. मचाणावर बसणारा आपला हेतू झाकतो. तेवढ्याने तो दोषी ठरत नाही.

आमचे मन अडखळते ते बादलीपाशी. अस्वलाला वचन देता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. ते ना आपली भाषा जाणते, ना करार. परंतु अन्न वाढणे ही जगातली सर्वांत जुनी भाषा आहे, आणि ती भाषा जनावरालाही कळते. कळते म्हणूनच तर ही युक्ती चालते. सलग तीस दिवस एकच गोष्ट सांगायची, की इथे ये, इथे भय नाही. आणि ती खोटी पाडण्यासाठीच सांगायची. गळाला लावलेला गांडूळ माशाला क्षणभर फसवतो. इथे महिनाभर विश्वास पेरून वाढवावा लागतो, आणि तो पुरता वाढला म्हणजे कापणी.

हे लिहिताना लेखणी आमच्याकडेच वळते. आमच्या लहानपणी घरामागे कोंबड्यांचे खुराडे होते. सणाच्या आदल्या दिवशी आई आमच्याच मुठीत तांदळाच्या कण्या देऊन अंगणात पाठवी, कारण घरातल्या इतर कुणाच्याही हाती कोंबडा येत नसे. एका वर्षीचा तांबडा कोंबडा आम्हांस चांगला आठवतो. हाक मारताच तो धावत आला, तळहातावरच्या कण्या टिपू लागला, आणि आम्ही दुसऱ्या हाताने त्याचे पाय धरले. दुसऱ्या दिवशीचा रस्सा आम्ही आवडीने खाल्ला, हेही सांगून टाकतो.

कुणी म्हणेल, कोंबडा घरचा. मुंगसापासून आम्ही त्याला राखले, पावसात छपराखाली घेतले, रोगराईत औषध पाजले. त्याच्या सबंध आयुष्याचा भार आम्ही उचलला होता. रानातल्या अस्वलाचे तीस दिवसांचे यजमानपण पत्करणारा असा कोणता भार उचलतो? हा भेद आम्हांस खरा वाटतो. कोंबड्याला विचारला असता तर त्यालाही तो पटला असता काय, याची मात्र खात्री देववत नाही.

स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन शहराच्या बोधचिन्हात अस्वल आहे. त्यामागे संत गाल या आयरिश संन्याशाची आख्यायिका आहे. सातव्या शतकात ते त्या रानात मुक्कामाला असताना रात्री शेकोटीपाशी अस्वल आले. संताने त्याला लाकडे आणून आगीत टाकायला सांगितले, कामाचा मोबदला म्हणून भाकर दिली, आणि हे खोरे सोडून डोंगरात निघून जा, इथल्या माणसांना आणि गुराढोरांना त्रास देऊ नकोस, असे बजावले. आख्यायिकाच ती, पण त्या भाकरीमागे दुसरा हेतू लपलेला नव्हता.

परतण्यापूर्वी तो तरुण पुन्हा भेटायला आला तेव्हा आम्ही त्याला इतकेच सांगितले, की म्हाताऱ्याला पापी म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मेलेले अस्वल ओढून आणायला, मांस कापायला, वाटायला तू खुशाल जा. पण बादली आमच्या हाती असती तर ती आम्ही ओतली नसती. "आणि त्यानं दिलेल्या सुपाचं काय, फादर?" त्याने विचारले. आम्ही गप्प राहिलो.

पुढल्या ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. त्याने शेजाऱ्याला सगळे सांगून टाकले होते. म्हातारा रागावला नाही. खांद्यावर हात ठेवून हसला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला. "फादर, तो लंगडत लंगडत बादली नेत होता. बघवेना मला," पोरगा म्हणाला. मग तो गाडीतून उतरला, म्हाताऱ्याच्या हातातली बादली घेतली, झाडीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला आणि तिथे ती त्याच्या हाती परत दिली. आता रोज हेच चालते, असे तो सांगत होता.