उसना पेहराव

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा सांगितल्या जातात. यातील वस्त्राची गोष्ट इतर दोन गरजांपेक्षा वेगळी आहे. भाकरी कोणाच्या चुलीवर भाजली हे पोटात गेल्यावर कळत नाही. घर भाड्याचे की मालकीचे, हे रस्त्यावरून दिसत नाही. कपडा मात्र अंगावर चढताच बोलू लागतो. माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जमातीचा, किती ऐपतीचा, हे त्याने तोंड उघडण्याआधीच त्याचे कपडे सांगून टाकतात. म्हणूनच दुसऱ्याचा पोशाख काही तासांसाठी भाड्याने घेऊन अंगावर चढवणे, ही वरवर गमतीची वाटणारी गोष्ट विचार करायला लावते. दुसऱ्याची ओळख अशी उसनी घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आणि असेल तर कोणत्या अटीवर?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो शाळेतील मुलींमुळे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या सांगली-मिरजेकडील आठवी-नववीच्या मुली हल्ली मोबाईलवर कोरियन मालिका पाहतात. सोल शहरात ग्योंगबोकगुंग नावाचा जुना राजवाडा आहे, तो १३९५ साली बांधला गेला, ही माहिती त्यांना भूगोलाच्या पुस्तकातून नव्हे, तर या मालिकांमुळे झाली. या राजवाड्याचे प्रौढांचे तिकीट वर्षानुवर्षे ३००० वॉन राहिले आहे. परंतु जो 'हानबोक' हा तेथील पारंपरिक पोशाख घालून येईल त्याला प्रवेश मोफत. मग तो कोरियन असो वा परदेशी. साहजिकच राजवाड्याभोवती हानबोक तासांच्या हिशोबाने भाड्याने देणारी दुकाने उभी राहिली. एका मुलीने मला विचारले, "टीचर, अपने यहाँ किले पे वैसा कपड़ा पहनके गए तो टिकट माफ होता क्या?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

कारण भाड्याच्या पोशाखाचा रिवाज आपल्याकडेही जोरात आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंगे सुरू झाली की सातारा, कराड, सांगली, मिरज येथील ड्रेपरीच्या दुकानांत पालकांची रीघ लागते. जिरेटोप, अंगरखा, कवड्यांची माळ, शिवलेली नऊवारी, कोळ्याचा पोशाख, सारे काही डिपॉझिट भरून मिळते. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला मावळ्यांचे कपडे कमी पडतात. शिवराज्याभिषेक दिनाला, ६ जूनला, रायगडावर फेटे बांधून आणि पारंपरिक वेशात लोक जमतात. त्यांतील सर्वांचेच कपडे घरचे असतील असे नाही. आणि सांगली तर नाटकाचे माहेर. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथेच 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. दुसऱ्याचा वेष घेऊन लोकांपुढे उभे राहण्याचे या गावाला कधी वावडे नव्हते.

आता यात आपले, म्हणजे मराठी मुसलमानांचे, स्थान काय? 'पारंपरिक वेशभूषा दिवस' आला की आमच्या शाळेतील मुलीही नऊवारी भाड्याने आणतात. त्यावर घरात कुरकुर होते. "हा आपला पेहराव नाही," असे वडीलधारे म्हणतात. पण माझी दादी सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात आयुष्यभर नऊवारी लुगडेच नेसली. नमाज त्यातच पढली आणि भांगलणही त्यातच केली. दादा डोक्याला पटका बांधत आणि धोतर नेसत. मुलाणी, शिकलगार, तांबोळी, आतार अशी आडनावे लावणाऱ्या कितीतरी वाचकांच्या घरातील जुने फोटो काढून पाहिले तर हेच चित्र दिसेल. म्हणजे पणजीचे लुगडे पणतीला दुकानातून भाड्याने आणावे लागते आणि तेही 'परका पोशाख' म्हणून! जे आपल्या पेटीत होते ते आपण केव्हा टाकून दिले, आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचा हिशोब कोणीच ठेवलेला नाही.

मावळ्याच्या वेषाचेही असेच. मुस्लिम मुलाने तो घातला की दोन्हीकडून भुवया उंचावतात. इकडचे म्हणतात, "तुला कशाला हवे हे?" तिकडचे म्हणतात, "याने कसे काय घातले?" शिवाजी महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता, चिटणिशीत काझी हैदर होता. ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. तेव्हा त्या मुलाने घातलेला अंगरखा उसना म्हणायचा की वारशाचा, हे दुकानाच्या पावतीवरून ठरणार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. जो ज्या लोकांचे अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच होतो, अशा अर्थाची एक हदीस आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. तिचा आदर राखूनच विचार करायला हवा. माझ्या समजुतीप्रमाणे तिचा रोख दुसऱ्या धर्माची खूण आपली म्हणून मिरवण्यावर आहे. हवामान, शेती आणि प्रांत यांतून घडलेल्या कपड्यावर नाही. प्रवासात असताना खुद्द पैगंबरांनी (स.) अरुंद बाह्यांचा शामी जुब्बा घातल्याची नोंद बुखारीत आहे. शाम हा त्या काळी रोमी साम्राज्याचा प्रांत होता. कपडा परमुलखातला होता, म्हणून तो वर्ज्य ठरला नाही.

उसन्या वस्त्राबद्दल तर आपल्या परंपरेत फार सुंदर दाखले आहेत. ते वाझमध्ये क्वचितच ऐकू येतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्याजवळ जाड्याभरड्या सुताचा, पाच दिरहम किमतीचा एक झगा होता. उतारवयात त्या सांगत की, आज माझी दासीसुद्धा असला कपडा घरात घालायला नाक मुरडते. पण पैगंबरांच्या काळात मदिनेत कोणत्याही मुलीला नटवायचे असले की हाच झगा माझ्याकडून मागून नेला जाई. एक झगा आणि गावातल्या सगळ्या नवऱ्या! कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही. दुसरा दाखला ईदचा. ईदच्या नमाजला स्त्रियांनी बाहेर पडावे असे सांगितले गेले, तेव्हा प्रश्न आला की जिच्याजवळ ओढायला चादर नाही तिने काय करावे? उत्तर मिळाले की तिच्या बहिणीने आपली चादर तिला द्यावी. तिसरा दाखला सर्वांना ठाऊक असलेल्या तयम्मुमचा आहे. हजरत आयेशा यांनी बहीण अस्मा (रजि.) यांच्याकडून उसना आणलेला हार प्रवासात हरवला. त्याच्या शोधासाठी सारा काफिला थांबला, पाणी नव्हते, आणि त्या मुक्कामात तयम्मुमची सवलत आली. आज पाण्याविना मातीने तयम्मुम करणाऱ्याला आठवतही नसेल की या सवलतीमागे एका उसन्या दागिन्याची कथा आहे.

याच परंपरेत दुसऱ्या बाजूचा इशाराही आहे. जे आपल्याला मिळालेले नाही ते मिळाल्याचा आव आणणारा माणूस खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्यासारखा आहे, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. म्हणजे उसने वस्त्र एके ठिकाणी बहिणीचे प्रेम ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी वस्त्रच खोटेपणाची उपमा बनले. फरक कोठे पडला? तो कपड्यात पडला नाही, हेतूत पडला. ईदगाहवर जाणारी स्त्री चादर उसनी घेते ती सर्वांच्यात सामील होण्यासाठी. आव आणणारा कपडा घेतो तो लोकांची फसवणूक करण्यासाठी. सामील होणे आणि सोंग आणणे, या दोहोंमधली रेषा आपण ओळखली पाहिजे.

ही कसोटी आधी आपल्याच घराला लावू. आपल्या लग्नांत नवरदेवाची शेरवानी आता बऱ्याचदा भाड्याने आणतात. माझ्या मते ही चांगली गोष्ट आहे. कर्ज काढून भरजरी शेरवानी शिवायची आणि एका दिवसानंतर ती कपाटात कोंडून ठेवायची, हा सरळ इसराफ आहे. पण भाड्याची शेरवानी ती भाड्याची आहे हे लपवण्याची केवढी धडपड चालते! दुकानाची चिठ्ठी आत दुमडतात, आणि पाहुण्यांनी विचारले तर हैदराबादहून शिवून आणली म्हणतात. खोटेपणाचे वस्त्र ते हेच. झगा मागून नेणाऱ्या मदिनेतील मुलींना काही लपवावे लागले नव्हते.

आता गॅदरिंगकडे वळू. 'राष्ट्रीय एकात्मता' हा कार्यक्रमाचा ठरलेला विषय असतो. चार मुले चार धर्मांची होतात. ड्रेपरीवाल्याकडे 'मुस्लिम' म्हणून एक तयार संच मिळतो, त्यात जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी, खांद्यावर रुमाल, आणि वर काळ्या पेन्सिलीने काढलेली दाढी. हेतू वाईट नसतो, हे मी शिक्षिका म्हणून मान्य करते. ज्या बाई तो कार्यक्रम बसवतात त्यांचे मन स्वच्छ असते. पण नाटकात आणि येथे एक भेद आहे. भाव्यांच्या नाटकात सीता झालेला पुरुष आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होते. सोंग सोंग म्हणून पाहिले जात होते, म्हणून ते प्रामाणिक होते. गॅदरिंगमध्ये समोर बसलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला ते सोंग वाटत नाही. त्याला वाटते, मुसलमान असाच असतो. त्याच्या शेजारी बाकावर बसणारा, त्याच्यासारखाच शर्ट-पँट घालणारा, त्याच्यासारखेच मराठी बोलणारा आतारांचा किंवा बागवानांचा मुलगा मग त्याला मुसलमान वाटेनासा होतो, किंवा अपवाद वाटू लागतो. पोशाखाची ओळख झाली, आणि शेजारी अनोळखी झाला.

पर्यटनातही हेच घडते. काश्मीरला गेलेली आपल्याकडची कुटुंबे श्रीनगरच्या मोगल बागांमध्ये भाड्याचा फिरन घालून फोटो काढतात. १६१९ मध्ये जहांगीर बादशहाने उभारलेल्या शालिमार बागेत, चिनारच्या पार्श्वभूमीवर, तो फोटो खरोखर देखणा येतो आणि दिवाणखान्यात लागतो. त्याच घराच्या दारात हिवाळ्यात शालींचे गाठोडे घेऊन काश्मिरी विक्रेता उभा राहतो. त्याला बसायला सांगतात की आधी आधार कार्ड मागतात? फोटोतल्या फिरनला भिंतीवर जागा मिळते आणि फिरनवाला उंबऱ्याबाहेर उभा राहतो. यात अपराध भाड्याने कपडा घेण्याचा नाही. कपडा घेतला आणि माणूस सोडून दिला, हा अपराध आहे.

सोलच्या राजवाड्याकडे पुन्हा पाहिले तर तेथेही दाराच्या नियमावर वाद झाले आहेत. पुरुषाने पुरुषाचा आणि स्त्रीने स्त्रीचाच हानबोक घातला तर मोफत प्रवेश, असा नियम होता. तेथील मानवी हक्क आयोगाने तो भेदभाव ठरवल्यावर २०१९ मध्ये तो बदलला. भाड्याच्या दुकानांतील चकचकीत, नव्या धाटणीच्या हानबोकांवरही टीका झाली. पण मूळ कल्पना मला मोलाची वाटते. आमच्या राजवाड्यात या, आमच्या कपड्यांत या, तुम्ही कोठलेही असा, दार उघडे आहे. आपला पोशाख पाहुण्याच्या अंगावर पाहून अपमान न वाटता आनंद वाटणे, हे मनाच्या भरलेपणाचे लक्षण आहे. ज्या समाजाला स्वतःच्या घरात आपला पोशाख बिनधास्त घालता येतो त्यालाच हे जमते.

आणि आमची अडचण नेमकी येथे आहे. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. २०२२ साली तेथे मुलींना डोक्यावरचा स्कार्फ काढल्याशिवाय वर्गात घेतले गेले नाही. मार्चमध्ये तेथील उच्च न्यायालयाने ही बंदी कायम केली आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही. स्कार्फ घ्यावा की न घ्यावा, याबद्दल आपल्यातच मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. मला येथे एवढेच दिसते की, एका दाराशी भाड्याने घेतलेला पोशाख तिकीट माफ करतो आणि दुसऱ्या दाराशी रोज अंगावर असलेला कपडा शिक्षण अडवतो. ज्या समाजात भाड्याची टोपी एकात्मतेची ठरते आणि घरची टोपी संशयाची, तेथे दुसऱ्याचा पेहराव घालण्याच्या अधिकाराआधी आपला पेहराव घालण्याच्या अधिकाराबद्दल बोलावे लागते.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. दुसऱ्याचा पोशाख जरूर घालावा. पण उसनी वस्तू अमानत असते आणि अमानतीच्या अटी असतात. ती लपवू नये. तिची टिंगल करू नये. आणि ज्याची वस्तू आहे त्याला विसरू नये. पोशाख परत करताना तो रोज घालणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला आधीपेक्षा थोडे अधिक कळले असेल, आणि त्याने तो आपल्या शेजारी बसून घातला तर आपल्याला खटकणार नसेल, तर भाडे वसूल झाले म्हणायचे.

शिक्षक म्हणून आपल्या हातात थोडेफार आहे. एकात्मतेच्या कार्यक्रमात ड्रेपरीचा संच आणण्याऐवजी मुलांना आपापल्या आजी-आजोबांचे जुने फोटो आणायला सांगावे. त्यांत नूरजहाँची पणजी नऊवारीत दिसेल आणि संतोषचे पणजोबा पटक्यात दिसतील, आणि कोणाचा पटका कोणता हे ओळखताना सगळा वर्ग गोंधळेल. त्या मुलीने तिकिटाबद्दल विचारले होते. तिला मी म्हणाले, आपल्याकडे कपड्यावर तिकीट माफ होत नाही. पण पणजीचे लुगडे नेसून तू अजिंक्यताऱ्यावर जा. ते भाड्याचे असले तरी कोणी विचारले तर बिचकू नकोस. हे आमच्याच घरचे आहे, असे सांग.