आकड्याची परीक्षा

अकोले तालुक्यात, राजूरच्या वरच्या डोंगरात एक वाडी आहे. घरटी पाच-सहा गावठी कोंबड्या, आणि कोंबडीचा पैसा बाईचा. भाताचा पैसा खतात आणि कर्जात जिरतो. अंड्यांचा मात्र पदराच्या गाठीत राहतो. पोराची वही, तेलाची पिशवी, माहेरी जायचं एसटीचं भाडं त्यातूनच निघतं. म्हणून तिथल्या बायका कोंबडी खुडूक झाली असं सांगतात, तेव्हा ती पैशाची गोष्ट असते. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग २१ दिवस ती अंड्यांवर बसते आणि पुढे दोनेक महिने पिलांच्या मागे हिंडते. तेवढ्यात एक अंडं मिळत नाही.

वाडीतला संपत आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकून आला होता. उबवायचं काम खोक्याने केलं तर कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येईल, हा त्याचा हिशेब, आणि तो बरोबरच होता. त्याने मासळीवाल्याकडून थर्माकोलचा मोठा खोका आणला. आत ४० वॅटचे दोन बल्ब लावले. एक उडाला तर दुसरा असावा म्हणून दोन. जुने पिवळे बल्ब मिळवायला त्याला बरीच दुकानं पालथी घालावी लागली, कारण हल्लीचे एलईडी उजेड देतात पण ऊब देत नाहीत. मोडक्या संगणकातला छोटा पंखा बसवला, म्हणजे ऊब खोकाभर सारखी फिरेल. जाळीखाली पाण्याची थाळी ठेवली, कारण हवा कोरडी पडली तर कवचाआतला पापुद्रा सुकतो आणि पिलू त्यात अडकतं. कवचातून पिलू श्वास घेतं, हे ध्यानात ठेवून बाजूला भोकं पाडली. शेवटी कंट्रोलर जोडला. त्याच्या लाल आकड्यांवर ३७.७ लावलं की तेवढ्यावर बल्ब आपोआप बंद, खाली आलं की चालू.

पाच घरांतून चाळीस अंडी आली. त्याने वहीत नावं लिहिली, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. दिवसातून पाच वेळा तो अंडी फिरवायचा. विषम वेळा फिरवलं की रोजची लांबलचक रात्र अंडं एकाच कुशीवर काढत नाही. लाईट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवून खोक्यावर गोधडी टाकायचा. मेहनतीत पोराने कुठेच कसूर केली नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

काशीआत्या रोज संध्याकाळी डोकवायची. वाडीत सगळ्यात जास्त कोंबड्या तिनेच बसवलेल्या. सहाव्या दिवशी तिने एक अंडं उचललं, तळहातावर धरलं, मग गालाला लावलं.

"संपत, हे तापलंय रे."

"नाही आत्या. हे बघ, ३७.७. बरोबर तेवढंच लागतं."

"आकडा मला वाचता येत नाही बाबा. पण खुडकीच्या पोटाखालून अंडं काढून बघते मी. ते असं नसतं."

"तुझा हात गार असेल, म्हणून ते गरम लागतं," संपत म्हणाला. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. शिकलेल्या माणसाचा जो भाबडा विश्वास असतो, तो होता. आत्या दोनदा बोलली, तिसऱ्यांदा बोलली नाही.

एकोणिसाव्या दिवशीच कवचं फुटायला लागली. आधी वाडीत आनंद झाला. मग एकेक पिलू बाहेर आलं ते लटपटतं, काहींची बेंबी भरलेलीच नव्हती. आठ पिलं जगली. बाकीची अंडी तशीच पडून राहिली. फोडली तेव्हा बहुतेकांत पूर्ण वाढलेलं पिलू मेलेलं होतं.

अशा वेळी कारणं चालून येतात. कुणी म्हणालं, त्या अमकीची अंडी शिळी होती. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. संपतच्या मित्राने तर सरळ वीज कंपनीवर ढकललं: एवढ्या वेळा लाईट जाते, अंडी गारठली असणार. संपतला हे कारण मनापासून आवडलं. त्यात त्याचा खोका निर्दोष सुटत होता. बायकांना तेच सांगायला तो निघाला, तेव्हा आत्याने त्याला ओट्यावर बसवून घेतलं.

"थांब. गारठली असती तर पिलं उशिरा निघाली असती ना? एकदा पौषात माझी खुडूक थंडीनं सारखी उठायची, तर पिलं तेविसाव्या दिवशी निघाली. तुझी तर दोन दिवस अगोदर आली."

संपत गप्प झाला. आत्या म्हणाली त्यात शास्त्र होतं. ऊब कमी पडली की पिलू उशिरा येतं, ऊब जास्त झाली की घाईने, कच्च्या बेंबीचं येतं. गारठा अंडं थोडा वेळ सोसतं. कोंबडीसुद्धा रोज दाणे टिपायला उठते, तेवढ्यात अंडी थोडी निवतातच. जादा ताप मात्र ते सोसत नाही.

तो आशाताईंकडे गेला आणि ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर मागून आणला. माणसाच्या तापाचे आकडे आणि अंड्याच्या उबेचे आकडे शेजारशेजारचे, म्हणून त्या कामाला याहून चांगलं साधन नाही. फुलपात्रात कोमट पाणी घेऊन त्याने थर्मामीटर आणि कंट्रोलरची तार एकत्र बुडवली. कंट्रोलर म्हणाला ३७.७. थर्मामीटर म्हणाला ३९.४.

तरी त्याला खात्री पटेना. दोघांत खोटं कोण, हे कसं ठरवायचं? दुसऱ्या दिवशी राजूरहून त्याने पाण्याच्या बाटलीत घालून बर्फ आणला, कुटून पेल्यात भरला, थोडं पाणी ओतलं आणि तार मधोमध धरली. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो. तो कुणाच्या बाजूने बोलत नाही. कंट्रोलरवर आकडा आला उणे १.७.

इथे मला एका जुन्या माणसाची आठवण होते. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत फार पूर्वीपासून हजारो अंडी एकदम उबवत. तिथले कारागीर अंडं मिटल्या पापणीला लावून ऊब ओळखायचे आणि ही विद्या मुलांना शिकवायचे. फ्रान्समधल्या रेओम्युर या शास्त्रज्ञाला त्याचं फार कुतूहल. कोंबडीशिवाय अंडी उबवण्यावर त्याने १७४९ साली ग्रंथ लिहिला आणि पापणीच्या जागी थर्मामीटर आणला, म्हणजे ती विद्या अंगात नसलेल्यालाही काम जमावं. हा रेओम्युर स्वतः थर्मामीटरचं माप बसवणारा माणूस. पण त्यालाही आकडे लिहिण्याआधी एक शून्य शोधावं लागलं, आणि ते त्याने पाणी जिथे गोठतं तिथे धरलं. आकड्याला असा कुठेतरी पाय टेकावा लागतो. संपतच्या आकड्याला तो नव्हता, आणि तरी चाळीस अंडी त्याच्या हुकमावर तापत राहिली.

संध्याकाळी त्याने पाचही घरच्या बायकांना बोलावलं. पेल्यातला बर्फ आणि उणे आकडा दाखवला. "अंडी तुमची चांगली होती," तो म्हणाला. "लाईटचाही दोष नाही. आत्याने सहाव्या दिवशी सांगितलं होतं. मी तिच्या हातावर शंका घेतली, यंत्रावर घेतली नाही." वहीतली अंडी मोजून त्याने ज्याची त्याला आपल्या मजुरीतून भरून दिली. त्यातल्या दोघी पुढे महिनाभर त्याच्याशी धड बोलल्या नाहीत, आणि तो त्यांचा हक्क होता.

रागाच्या भरात संपत तो कंट्रोलर फेकून द्यायला निघाला होता. आत्यानेच अडवलं.

"फेकू नको. माझ्या हाताला रात्री झोप लागते, त्याला लागत नाही. त्याला नीट शिकव."

कंट्रोलरमध्ये चूक भरून काढायची सोय होती. त्याने १.७ वाढवून घेतले, पुन्हा बर्फात धरून शून्य आल्याचं पाहिलं, पुन्हा कोमट पाण्यात ताडलं. जाळीवर, अंड्यांच्या उंचीला, आणखी एक साधा थर्मामीटर ठेवला. खोक्याच्या शेजारी आत्यासाठी पाट मांडला. दुसऱ्या खेपेला अंडी कोण देणार, हा प्रश्न होता. आत्याने पहिली बारा स्वतःची आणून ठेवली, मग इतरांनी थोडी थोडी दिली. रोज संध्याकाळी ती अंडं गालाला लावायची, संपत आकडा वाचायचा, आणि दोघांचं जुळलं की झाकण बंद. अठराव्या दिवशी त्याने अंडी फिरवणं थांबवलं, पाण्याची थाळी मोठी केली. एकविसाव्या दिवशी पहाटे खोक्यातून चिवचिव सुरू झाली आणि दिवसभर चालू राहिली. चाळीसपैकी एकतीस पिलं निघाली, सुकली की गोळाबंद आणि चपळ.

बातमी खालच्या गावांत गेली. एके दिवशी शेंडीकडचा एक तरुण मोटारसायकलवर थर्माकोलचा नवाकोरा खोका बांधून आला. "दादा, बल्ब किती उंचीवर लावायचे ते तेवढं सांगा. कंट्रोलर मी भारीतला घेतलाय."

"खोका राहू दे गाडीवर," संपत म्हणाला. "आधी बर्फ आण."

पोरगं बर्फ घेऊन आलं. कंट्रोलरवर शून्य आलं, अगदी नेमकं. त्याने हसून संपतकडे पाहिलं. आता काम झालं असं त्याला वाटलं. संपतने खुराड्याकडे हाक मारली, "आत्या, खुडकीखालचं एक अंडं दे याच्या हातात. थोडा वेळ धरू दे."