मैफलीची साक्ष

चित्र भिंतीवर राहते, काव्य ग्रंथात राहते. गाणे मात्र एकदा गाणाऱ्याच्या कंठातून निघाले की ऐकणाऱ्याच्या मनावाचून त्याला दुसरे घर नसे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हापासून ही स्थिती पालटत गेली. तथापि पन्नास-साठ श्रोत्यांच्या घरगुती बैठकीत ऐकलेले एखादे गाणे ज्याने वर्षानुवर्षे मनात बाळगले आहे, त्याला एक प्रश्न चुकत नाही. मला आठवते ते त्या रात्री खरोखर घडले होते काय? आणि ते पडताळून पाहण्याची सोय असेल, तर पाहावे की पाहू नये?

अल्लादियाखाँ १९४६ साली वारले. त्यांनी आपला आवाज तबकडीला दिला नाही. भास्करबुवा बखले १९२२ सालीच गेले. त्यांचेही गाणे आज ऐकावयास मिळत नाही. त्यांची थोरवी आपण मानतो ती गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या मर्मज्ञांच्या शब्दावर. उलट, अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. शिष्येचा स्वर ताऱ्यांच्या वाटेला लागला आणि गुरूचा स्वर पृथ्वीवरही उरला नाही. तरी एवढ्यावरून गुरूला कोणी उणे लेखीत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीवर विश्वास ठेवणे आपल्याला अवघड वाटत नाही. अवघड जाते ते आपली स्वतःची साक्ष तपासणे.

मी महाविद्यालयात शिकत असताना नागपुरात महालातल्या एका वाड्यात थंडीच्या रात्री मालकंस ऐकला होता. मध्येच वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला, कोणी कंदील आणून ठेवला. गाणे मात्र थांबले नाही. एका श्रोत्याने गायकाच्या अनुमतीने ते बॅटरीवरच्या यंत्रावर टिपून घेतले होते. पुढे अनेक वर्षांनी ती फीत माझ्या हाती आली, तेव्हा एका स्नेह्याने सल्ला दिला की, ‘ऐकू नका, जपलेले आहे ते मोडेल.’ हा सल्ला मला पटला नाही. पुराव्याला भिऊन जपलेल्या आठवणीत गायकावरील प्रेमापेक्षा स्वतःच्या रसिकतेचा अभिमानच अधिक असतो.

फीत ऐकली. तारसप्तकात आवाज थकलेला होता, द्रुत ताना अस्पष्ट होत्या. ज्या मध्यमावर सारा मालकंस उभा असतो, त्यावरचा मुक्काम माझ्या स्मरणात फार दीर्घ होता. फितीवर तो चार-सहा क्षणांचाच निघाला. पण त्याआधीच्या शांततेत आम्ही सर्वांनी जी वाट पाहिली होती, तिच्या जागी फितीवर नुसती खरखर होती. यंत्राने गाणे ऐकले होते, वाट पाहिली नव्हती. तेव्हा दोघांचेही म्हणणे खरे. गायन कसे झाले हे फीत सांगते. ऐकताना माणसाला काय झाले हे आठवण सांगते.

परंतु साक्षीचा अधिकार असा ठरला की तिची मर्यादाही ठरते. ‘त्या रात्री मला मध्यम कळला’, एवढे म्हणण्याचा मला हक्क आहे. ‘असे आता कोणी गात नाही’, हे म्हणण्याचा नाही. कारण ते त्या रात्रीत नव्हते. आजच्या मैफलीच्या मध्यंतरात एखादा वृद्ध रसिक शेजारच्या तरुणाला ‘तुम्ही जुने ऐकायला हवे होते’ असे सांगतो, तेव्हा तो आपल्या आनंदात भर घालीत नाही, त्याच्या आनंदातून मात्र काढून घेतो. ज्या वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह नागपुरात आहे, ते याच शहरात शंकरराव सप्रे यांच्यापाशी शिकले. त्या वेळी साऱ्याच श्रोत्यांनी आपापल्या आठवणींकडे तोंड करून बसायचे ठरवले असते, तर त्या विद्यार्थ्याचे गाणे ऐकले कोणी असते?

आवडत्या मैफलीची आठवण हे आपल्यावरचे ऋण आहे. ते गायकाला फेडता येत नाही, कारण तो बहुधा हयात नसतो. ते पुढच्या श्रोत्यालाच फेडावे लागते. आपल्या बैठकीत उशिरा आलेल्याला थोडे सरकून जागा देण्याची जुनी रीत आहे. आठवणीनेही तेवढे सरकावे.