हात थकले तर?

आजचं वाचन : निर्गम 17:8-16



खाली यहोशवा अमालेक्यांशी लढतोय आणि टेकडीवर मोशे हात वर करून उभा आहे. हात वर असले की इस्राएल सरस, खाली आले की अमालेक. सोपं वाटतं ना? पाच मिनिटं हात वर धरून बघा.

हा भाग वाचला की मला थॉमस प्लंकेट आठवतो. जन्म आयर्लंडच्या मेयो परगण्यातला, घर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. आयरिश लोकांवर त्या राज्याचा इतका अविश्वास, की 1855 मध्ये त्यांच्या मिलिशिया तुकड्याच मोडीत काढल्या होत्या! सात वर्षांनी, यादवी युद्धात, त्याच राज्याच्या 21व्या पायदळ रेजिमेंटमध्ये हा परका लढत होता. 13 डिसेंबर 1862, फ्रेडरिक्सबर्ग. टेकडीच्या पायथ्याशी दगडी भिंत, भिंतीआड दक्षिणेचे बंदूकधारी, समोर उघडं मैदान. झेंडा धरणारा गोळी लागून पडला. प्लंकेटनं झेंडा उचलला आणि पुढे निघाला. मग तोफेचा गोळा आला. दोन्ही हात गेले. तो पडला तेव्हा झेंडा दुसऱ्या साथीदारानं घेतला.

1866 मध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. रक्तानं माखलेला तो झेंडा बॉस्टनच्या स्टेट हाऊसमध्ये जपून ठेवला गेला. लोक गोष्ट इथेच थांबवतात, पण प्लंकेट 1885 पर्यंत जगला. पदक होतं, पण ते कोटाला लावायला हात दुसऱ्या कुणाचे तरी लागणार. घास भरवायलाही. त्या बावीस वर्षांना कुठलं पदक द्यायचं?

कुठल्या सैन्याचा झेंडा देवाचा, हे मी सांगत नाहीये. मोशेनं वेदीला नाव दिलं ते परमेश्वर माझा झेंडा, असं. आणि ते कुणी दिलं बघा, ज्याला स्वतःचे हातसुद्धा वर धरवत नव्हते त्यानं! त्याचं थकणं शास्त्रात सरळ लिहिलंय. आधी त्याला दगडावर बसवलं, मग एका बाजूनं अहरोन, दुसऱ्या बाजूनं हूर, सूर्य मावळेपर्यंत.

हूरबद्दल शास्त्र फार थोडं सांगतं. मला तरी तो फार आवडतो.

आणि आपण? जॉब, ईएमआय, घरी आजारी आई, तरी रविवारी चर्चमध्ये हसत गिटार वाजवतो. कुणी विचारलं तर, "ऑल गुड, ब्रदर."

प्रभू, आज जो "ऑल गुड" म्हणेल, त्याच्याजवळ मला थोडं जास्त वेळ थांबव. आणि माझे हात खाली येतील तेव्हा ते कुणाला तरी दिसू दे. आमेन.