वेशीवर उभा असलेला

शास्त्रपाठ : यहोशवा 20:1-9, मार्क 5:1-20



भिलाईतील खुर्सीपार ही कामगारवस्ती क्षणभर डोळ्यांपुढे आणा. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली, आणि तिच्यामागोमाग तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी व मराठी बोलणारी कुटुंबे या परिसरात येऊन वसली. पाळी सुटल्यावर वडील कोणत्या पावलांनी घरी येतील, याचा कानोसा घेत वाढणारी मुले अशा प्रत्येक कामगारवस्तीत असतात. समजा, तेथील एका गल्लीत व्यसनातून सावरणाऱ्या माणसांसाठी निवास काढण्याचा प्रस्ताव आला आणि शेजाऱ्यांचे मत विचारण्यासाठी सभा बोलावली गेली. त्या सभेत आपणही बसलेले आहात. आपण काय बोलाल?

बहुधा कोणी तरी उठून म्हणेल, "काम पुण्याचे आहे, पण ते इथे नको. आमच्या मुली याच रस्त्याने शाळेत जातात. चोऱ्या होतील. घरांच्या किमती उतरतील." बोलणारा दुष्ट नसतो, कदाचित मंडळीचा वडीलही असेल. म्हणून त्याला दटावण्याआधी शास्त्र काय म्हणते ते पाहू.

यहोशवाच्या विसाव्या अध्यायात शरणपुरांचा नियम आहे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यहत्या घडली, त्याने धावत जाऊन नगराच्या वेशीशी उभे राहावे आणि वडीलजनांच्या कानी आपली हकिकत घालावी. मग त्यांनी त्याला आत घेऊन राहावयास जागा द्यावी. येथे देव आधी चौकशीची मुभा देतो, हे ध्यानात घ्या. वडीलजनांनी प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे, ते त्यांचे कर्तव्य आहे. त्यानंतर मंडळीपुढे न्याय होतो, आणि आत आलेल्यालाही नगराची सीमा ओलांडता येत नाही (गणना 35:26-28).

चौथ्या वचनातील "आत घ्यावे" या शब्दांमागे "आसाफ" हे इब्री क्रियापद आहे. शेतातले पीक गोळा करून घरात आणणे, यासाठीही तेच वापरतात. भाषांतर करणाऱ्याला "प्रवेश द्यावा" असे लिहिण्याचा मोह होतो. पण प्रवेश देणारा दारातून बाजूला सरकतो एवढेच, पीक मात्र घरात जपून ठेवावे लागते. हेच क्रियापद शास्ते 19:15 मध्ये नकारासह येते. गिबा नगराच्या चौकात एक प्रवासी बसून राहतो आणि त्याला रात्रीपुरतेही कोणी घरात घेत नाही. त्या रात्री गिबात पुढे काय घडले, ते वाचकांना ठाऊक आहे.

ही शरणपुरे कोठे होती? केदेश, शखेम, हेब्रोन; यार्देनेपलीकडे बेसेर, रामोथ, गोलान. ओसाड माळ यासाठी निवडलेला नाही. हेब्रोनजवळ तर अब्राहामाची कबर! तेथवर जाणारा रस्ता तयार ठेवावा, असे अनुवाद 19:3 सांगते, आणि चौकाचौकांत दिशा दाखविणाऱ्या पाट्या असत अशी यहूदी परंपरा आहे. आपल्या नाशिकच्या शरणपूरचे नाव याच कल्पनेतून आलेले दिसते. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथील मिशनच्या आश्रयास होती. लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा नाशिकलाच शिकलेला. कोणाला आत घेतल्याने पुढे काय उपजेल, ते आत घेणाऱ्याला आधी कधीच दिसत नसते.

व्यसनी मनुष्य हा मनुष्यवध करणारा नव्हे. दृष्टान्त येथवरच ताणावा. पण पाठलाग दोघांचाही होत असतो. एकामागे रक्ताचा सूड घेणारा लागलेला असतो, तर दुसऱ्यामागे देणेकरी, जुने सोबती आणि स्वतःच्याच शरीरातली तलफ.

आता आपल्याकडे झालेल्या कामाकडे वळू. फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. जागा चर्चने स्वतःची दिली, दुसऱ्याची गल्ली शोधली नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण 1986 मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा मदतीचा हात होता. तेथे रुग्णांच्या पत्नींचेही गट चालतात, कारण बाटली एकजण उचलतो आणि आजारी सारे घर पडते.

तेव्हा सभेत प्रश्न जरूर विचारा, पण जे विचारायचे तेच विचारा. नोंदणी आहे काय? डॉक्टर कोण? वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. तेथे केवळ प्रार्थनेवर विसंबून औषध नाकारणे ही श्रद्धा नव्हे, निष्काळजीपणा होय. कोणाला साखळीने बांधत नाहीत ना? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ते निषिद्ध केले आहे. रात्री जबाबदार कोण? तक्रार कोणाकडे करायची? बरे होऊन गेलेल्यांशी पुढे संबंध कसा ठेवला जातो? याच कायद्याने व्यसनाशी निगडित विकारांना मानसिक आजारांत गणले आहे आणि अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. म्हणून "हे लोक इथे राहावेत काय" हा प्रश्न सभेचा नाहीच. "ते नीट कसे राहतील" हा आहे. आणि एक गोष्ट बोलून टाकतो : ज्यांच्यापासून आपल्या मुली जपावयाच्या म्हणता, ते आजही त्याच गल्लीत राहतात, फक्त उपचाराविना.

किमतीचा मुद्दा उरला. गरसेकरांच्या प्रदेशात सुमारे दोन हजार डुकरे बुडाली. तो तोटा खोटा नव्हता. लोक आले आणि त्यांनी त्या मनुष्याला वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला पाहिला. तो कबरांमध्ये ओरडत असता त्यांनी त्याला बेड्या घातल्या होत्या. पण आता, तो शांत बसला असता, ते भ्याले. मार्क येथे "विनविणे" या अर्थाचे एकच ग्रीक क्रियापद पुन्हा पुन्हा योजतो. दुष्टात्मे विनवितात, आम्हांला डुकरांत धाड. त्यांचे ऐकले जाते. गावकरी विनवितात, आमच्या सीमेतून निघून जा. त्यांचेही ऐकले जाते. बरा झालेला मनुष्य विनवितो, मला तुझ्याजवळ राहू दे. त्याचेच तेवढे ऐकले जात नाही. येशू त्याला म्हणतो, आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा. ज्या गावाने येशूला घालविले त्याच गावात त्याने हा मनुष्य ठेवला.

इब्री लोकांस पत्राच्या लेखकाने (6:18) आपणा सर्वांनाच आश्रयासाठी धावलेले म्हटले आहे. सभेत हात वर करण्यापूर्वी ते वचन एकदा काढून पाहावे. आणि त्याबरोबर मार्क 7:31-32 ही वाचावे. येशू पुन्हा दकापलीसच्या प्रदेशातून येतो, आणि तेथील लोक एका बहिऱ्या माणसाला आणून, त्याच क्रियापदाने, विनवितात की त्याच्यावर हात ठेव.